डिपरच्या पलीकडची टायरगाडी

कारखान्यांची धुराडी पेटली की कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यांची रात्र बदलते. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू होतो आणि साधारण मार्चपर्यंत चालतो. बीड, अहिल्यानगरकडून आलेली जोडपी दिवसभर ऊस तोडतात, टायरगाडी भरतात आणि काट्यावर लवकर नंबर लागावा म्हणून अंधारातच बैल जुंपतात. शिरोळ-जयसिंगपूर भागात मी या दिवसांत रात्री गाडी चालवतो, तेव्हा माझं निम्मं लक्ष त्यांच्याकडेच असतं.

समोरून येणारी बैलगाडी आधी डोळ्यांवरून कळते. हेडलाइटमध्ये बैलांचे डोळे हिरवट चमकतात, चालीबरोबर हलतात. गाडी मागाहून दिसते. आपल्या पुढे चाललेल्या गाडीला मात्र तेवढीही खूण नसते. मागून दिसते ती पाचटाची मातकट भिंत, तीही धुळीच्या रंगात मिसळलेली. रिफ्लेक्टर लावलेला असला तरी वाढे त्याच्यावर लोंबतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तर ऊस हातभर बाहेर आलेला असतो, म्हणजे धडक ट्रॉलीच्या आधी उसावर बसते, तीही थेट काचेच्या उंचीवर.

ताशी 60 किलोमीटरला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर धावते. दिसणं, उमजणं आणि ब्रेक लागून थांबणं यात मिळून 45 मीटर सहज जातात. डिपरचा उजेड जेमतेम 40 मीटर नीट दाखवतो. याचा अर्थ, 60 ला जाणाऱ्याला टायरगाडी दिसते तेव्हाच उशीर झालेला असतो. 40 च्या वेगात तीच गाडी पंचवीस-तीस मीटरमध्ये थांबते.

समोरच्या ट्रकने डिपर दिला नाही की डोळे दिपतात. अशा वेळी डाव्या कडेची पांढरी पट्टी धरावी, असं शिकवतात. सल्ला रास्त आहे, पण हंगामात नेमकी त्या पट्टीवर बैलगाडी असते. म्हणून नजर वळवण्याआधी पाय ॲक्सिलरेटरवरून उठला पाहिजे.

चढाला गाडीवान खाली उतरून बैलांबरोबर चालतो, बहुतेकदा रस्त्याच्या बाजूनेच. त्याची बायको उसावर डोकं टेकून झोपलेली असते, कधी पोरही कुशीत. बैल दमले की गाडी मागे सरकते आणि चाकामागे दगड लावेपर्यंत काही क्षण जातात. तिथे चिकटून उभं राहू नये. उतारावर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. तेव्हा हॉर्न वाजवला तर बैल बुजतात आणि गाडी कुठेही जाऊ शकते. ओलांडायचंच असेल तर रस्ता मोकळा दिसेपर्यंत मागे थांबावं, भरपूर अंतर सोडून पुढे जावं आणि लगेच डावीकडे घुसू नये.

देशात 2022 मध्ये रस्त्यांवर एक लाख 68 हजारांहून अधिक माणसं गेली; त्यांतला जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा. गाडीवानाने रिफ्लेक्टर लावावा, कारखान्याने तो पुरवावा, ही मागणी योग्यच आहे आणि ती रेटायलाच हवी. पण तोवर ब्रेक आपल्या पायाखाली आहे. हंगाम संपेपर्यंत ऊसपट्ट्यात रात्री डिपरवर असाल तेव्हा काटा 40 च्या वर जाऊ देऊ नका.