आधीच्या मालकाचा हात

जुनी बुलेट बघायला गेलेला माणूस आधी सायलेन्सरचा आवाज ऐकतो. मेस्त्री मात्र उकिडवा बसून नट बघतो. नटांचे कोपरे गोल झाले असले की गाडीवर चुकीचे पाने चालले, हे त्याला तिथेच कळतं. कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेटला बरेच नटबोल्ट इंची मापाचे. त्यांना मिलिमीटरचा पाना ‘जवळपास’ बसतो, आणि त्या जवळपासमुळेच नटाची वाट लागते.

मी घेतलेल्या गाडीचे नट शाबूत होते, पण बाकी सगळीकडे आधीच्या मालकाचा हात होता. हँडल पुढे लोटलेलं, क्लचची दांडी वर उचललेली, आरसे माझ्या कपाळाच्या वर काहीतरी दाखवणारे. गृहस्थ चांगलेच उंच असणार, हे त्यांना भेटण्याआधीच ठरलं. भेट एकदाच झाली, आरटीओच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या घेण्यापुरती. माझा अंदाज बरोबर निघाला.

तसं पाहिलं तर बुलेट आपल्याकडे आली तीच दुसऱ्याची होऊन. मूळ इंग्लंडातल्या रेडिचची. 1955 साली मद्रास मोटर्सशी भागीदारी झाली आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला ती बनू लागली. पुढे रेडिचचा कारखाना मिटला, इथली गाडी मात्र चालत राहिली. 70 मिलिमीटर बोअर, 90 मिलिमीटर स्ट्रोक, 346 सीसी आणि 18 अश्वशक्तीच्या आसपास जोर. 2010 च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हा कुठे हे बिडाचं इंजिन थांबलं. एवढा लांब स्ट्रोक असल्यावर इंजिन पळत नाही, ओढतं. सत्तरच्या आत ठेवलं तर दिवसभर कुरकुर नाही. नव्वदला नेलं की आधी हात बधिर होतात, मग आरसे, मग नंबरप्लेटचे बोल्ट एकेक करून निरोप घेतात.

पहिली ओळख किकशी. ताकद लावून बुलेट सुरू करणारा माणूस पोटरी धरून बसलेला दिसतो. चावी फिरवली की ॲमीटरचा काटा उणेकडे कलतो. म्हणजे पॉइंट जुळलेले आहेत. मग किक सावकाश दाबत न्यायची. पाय अडतो तिथे कॉम्प्रेशन. डाव्या हाताने डिकॉम्प्रेसर ओढायचा, किक अगदी थोडी पुढे सरकवायची, काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेसर सोडायचा. किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि मग एकदाच, मनात शंका न ठेवता, खालपर्यंत. अर्धवट मारलेली किक उलटी येते आणि घोट्याला प्रसाद देते. मला जमायला तीन आठवडे लागले. त्या काळात सोसायटीच्या वॉचमनने माझ्याशी फार सहानुभूतीने वागायला सुरुवात केली होती.

मग टॅपेट. माझ्या गाडीचे वाजत नव्हते, आणि मला ते भूषण वाटत होतं. मेस्त्रींनी कान लावला आणि तोंड वाकडं केलं. “साहेब, आवाज बंद करायला कुणीतरी आवळलेत. थोडे बोलू द्या.” गार इंजिन, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, अशा वेळी झाकणामागचा पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. त्याहून घट्ट केला की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, जळता वायू फटीतून निसटतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड करपते. गाडी गप्प असणं आणि गाडी बरी असणं यांत किती अंतर आहे, हे त्या दिवशी पैसे न मोजता कळलं.

पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर, फीलर गेजने मोजायची. ती आधी लावायची आणि टायमिंग नंतर, कारण फट हलली की टायमिंगही हलतं. टायमिंगला मेस्त्रींचं सगळ्यात मोलाचं उपकरण म्हणजे सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. पिस्टन वरच्या टोकाच्या 0.8 मिलिमीटर अलीकडे आणून ठेवायचा आणि पॉइंटमध्ये धरलेला कागद त्याच क्षणी सुटला पाहिजे. मी सिगारेट ओढत नाही. त्या कागदासाठी पानवाल्याशी ओळख करून घ्यावी लागली.

तेल, चेन ही कामं रुक्ष, पण चुकवून चालत नाहीत. इंजिन, प्रायमरी चेन आणि गिअरबॉक्स यांची चूल वेगळी, प्रत्येकाचं वंगण वेगळं भरायचं. मागची चेन तिच्या सगळ्यात घट्ट जागी दोनेक सेंटिमीटर ढिली हवी. चेनलॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला. उलटं बसलं तर क्लिप कधीतरी घाटातच उडणार.

यानंतर मी हँडल मागे घेतलं, क्लचची दांडी मनगटाच्या रेषेत आणली, आरसे रस्त्यावर वळवले. एवढं करून गाडी माझी झाली असं वाटलं. पण गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे खाली. ब्रेक डाव्या पायाला. वीस वर्षं उलट्या सवयीत वाढलेल्या पायांची जुळणी कोणत्याच पान्याने होत नाही. पौडच्या पुढे एक म्हैस आडवी आली तेव्हा मी जिवाच्या आकांताने उजवा पाय दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी पुढच्या गिअरमध्ये गेली. म्हैस शहाणी होती, ती बाजूला झाली.

ताम्हिणी चढून उतरल्यावर प्लग काढून पाहिला. विटकरी, जसा हवा तसा. काळा काजळलेला असता तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असता तर कमी. मेस्त्रींनीही तो उन्हात धरला, मान हलवली आणि हातोडा घेऊन डाव्या बाजूला बसले. ब्रेकचं पेडल आधीच्या मालकाने आपल्या बुटाच्या मापाने आत वाकवून घेतलेलं होतं. ते सरळ करायचं राहिलं होतं.

मी गाडीवर बसून पाय टेकवून पाहिला. तो न बघता बरोबर तिथेच गेला.

“राहू द्या,” म्हटलं.