सुवर्णपदकानंतरची बारा वर्षे



कुस्तीचा फड म्हटला की आपले पाय आपोआप तिकडे वळतात. म्हणून आज आम्ही कुस्तीच्याच भाऊबंदकीतल्या ज्युदो खेळातल्या एका गड्याची हकीकत सांगतो. नाव अंताल कोवाच, देश हंगेरी. ‘कोवाच’ म्हणजे त्यांच्या भाषेत लोहार.

डॅन्यूब नदीकाठी पाक्श नावाचे गाव आहे. तेथे अणुवीज केंद्र आहे आणि केंद्राचा स्वतःचा क्रीडासंघ. त्याच संघात हा गडी तयार झाला. वस्ताद लास्लो हांग्यासी. १९९२ साली बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ९५ किलो गटाच्या अंतिम लढतीत ब्रिटनच्या रेमंड स्टीव्हन्सला हरवून त्याने सुवर्णपदक घेतले. वय अवघे २०! लगेच १९९३ साली कॅनडात हॅमिल्टनला तो जगज्जेताही झाला.

ज्युदोत अंगातले जाड जाकीट धरून डाव टाकतात. समोरच्याला जोरात, पुरता पाठीवर आपटला की ‘इप्पोन’. मग वेळ कितीही उरलेला असो, लढत खलास. एका चुकीत चार वर्षांची मेहनत पाण्यात जाते.

कोवाच १९९६, २००० आणि २००४ अशा आणखी तीन ऑलिंपिकांत उतरला. पदक एकही नाही. तरी गडी मॅटवर येतच राहिला. हंगेरीला ज्युदोत दुसरे ऑलिंपिक सुवर्ण २०२४ पर्यंत कोणी मिळवून दिलेले नाही.

तालमीत जाणाऱ्या पोरांना ही गोष्ट जरूर सांगा. सांगताना पदकापुढची बारा वर्षे मात्र वगळू नका.