प्रशिक्षक कुणाच्या पसंतीचा?

ऑगस्ट 1988 मध्ये आइस हॉकीचा महान खेळाडू वेन ग्रेट्स्की एडमंटन सोडून लॉस एंजेलिस किंग्जकडे आला. डेट्रॉइटविरुद्धच्या सामन्यात त्याने चिडून स्टिक आपटली, तेव्हा प्रशिक्षक रॉबी फ्टोरेक यांनी त्याला सरळ बाकावर बसवलं. त्याच मोसमात किंग्जनी गतविजेत्या एडमंटनला हरवलं, पण पुढच्या फेरीत कॅल्गरीकडून सपशेल हार झाली आणि फ्टोरेक यांची गच्छंती झाली. मालकांना दोघांपैकी कोण हवं होतं, हे वेगळं सांगायला नको.

उलटंही घडलं. 1995 मध्ये माँट्रियलचा गोलरक्षक पॅट्रिक र्वा प्रशिक्षक मारियो ट्रेंब्ले यांच्यावर बिथरला. चार दिवसांत र्वाच कोलोरॅडोला रवाना झाला आणि ट्रेंब्ले राहिले.

बफेलोचं प्रकरण मात्र आजही खटकतं. 1997 मध्ये टेड नोलन एनएचएलचे, म्हणजे या सगळ्या संघांच्या लीगचे, सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले, आणि त्यांच्याच संघाचा गोलरक्षक डॉमिनिक हाशेक सर्वोत्तम खेळाडू. पुरस्कार हातात आल्यावर हाशेकने आपल्याला नोलन यांच्याविषयी आदर नसल्याचं जाहीर सांगून टाकलं. नोलन यांचं व्यवस्थापक जॉन मकलर यांच्याशी आधीच बिनसलं होतं. मकलर गेले, तरी नव्या व्यवस्थापकांनी नोलन यांच्यापुढे जेमतेम एका वर्षाचा करार ठेवला. त्यांनी तो नाकारला. पुढच्या मोसमात घरच्याच प्रेक्षकांनी हाशेकची हुर्यो उडवली. नोलन यांना एनएचएलमध्ये पुन्हा मुख्य प्रशिक्षकपद मिळायला 2006 उजाडलं. इतक्या गुणी माणसाला एवढी वाट पाहायला लावणं हा अन्यायच होता.

पिट्सबर्गने 2000 मध्ये इव्हान ह्लिंका यांना आणलं. कर्णधार यारोमिर यागर ज्या चेक संघातून नागानोचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकला, त्याचे हे प्रशिक्षक. पण वर्षभरात यागर वॉशिंग्टनला गेला, आणि नव्या मोसमातल्या पहिल्या चार पराभवांनंतर ह्लिंकाही गेले.

2005 पासून लीगमध्ये वेतनमर्यादा आली. तारांकित खेळाडूंचे करार लांबलचक, त्यांना हलवणं अवघड. प्रशिक्षकाचा पगार मात्र या मर्यादेत धरलाच जात नाही. मग संघ हरू लागला की कात्री कुणावर चालणार?

12 नोव्हेंबर 2023 रोजी, 13 सामन्यांत तीनच विजय मिळवलेल्या एडमंटनने प्रशिक्षक जे वुडक्रॉफ्ट यांना हटवून क्रिस नॉब्लॉक यांना नेमलं. संघाचा तारा कॉनर मॅकडेव्हिड ज्युनियर हॉकीत ईरी ऑटर्सकडून खेळायचा, तेव्हा नॉब्लॉक त्याचे प्रशिक्षक होते. निर्णय घेणारे जेफ जॅक्सन तर पूर्वी मॅकडेव्हिडचेच एजंट! खेळाडूंना विचारलं नव्हतं, असं जॅक्सन यांनी सांगितलं. खरंही असेल, पण इतक्या जुन्या ओळखीत आवडनिवड विचारावी लागते कुठे?

निवड मात्र उत्तम ठरली. संघाने सलग 16 सामने जिंकले आणि 2024 मध्ये स्टॅनले कपची अंतिम फेरी गाठली. तिथे सातव्या सामन्यात फ्लोरिडाकडून हार, 2025 मध्ये पुन्हा फ्लोरिडाच. त्या ऑक्टोबरमध्ये नॉब्लॉक यांचा करार तीन वर्षांनी वाढला. मॅकडेव्हिडनेही सही केली, पण दोनच वर्षांसाठी. म्हणजे संघचालकांवरचं त्याच्या पसंती-नापसंतीचं दडपण कायम राहिलं.