क्वाड बाईक उतारावर का कलंडते? (एपिसोडचा लेखी भाग)

आज ट्रेक नाही, क्वाड बाईक. दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही सगळे, म्हणजे आई-बाबा, ताई, तिचा नऊ वर्षांचा मुलगा आणि मी, नसरापूरवरून वेल्ह्याच्या बाजूला गेलो होतो. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण तोंडात वेल्हेच येतं. समोर राजगड, पलीकडे तोरणा, आणि एका माळावर भाड्याच्या क्वाड. आईने लगेच जाहीर केलं, "मी पिठलं-भाकरी सांगून इथंच बसते."

बाबा पुढे, भाचा मागे. पोराने "साहेब, दोघं चालतात" म्हटलं आणि आम्ही मान डोलावली. चूक इथंच झाली, आणि ती आमचीही होती.

वाट उताराला आडवी जात होती. वरच्या बाजूचं चाक एका दगडावर चढलं आणि गाडी दरीकडे झुकली. भाचा घाबरून नेमका तिकडेच वाकला. पोरगा धावत येऊन वरच्या फूटरेस्टवर उभा राहिला, "काका, अंगठा सोडा, अंगठा!" असं ओरडत. गाडी परत चारही चाकांवर आली. तीन-चार सेकंदांचा खेळ.

घरी आल्यावर झोप येईना, म्हणून कागद घेतला. आकडे अंदाजाचे आहेत, हिशोब बघा. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ९० सेंटीमीटर, म्हणजे मध्यापासून ४५. एकटा माणूस बसला तर गाडी आणि माणूस मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून समजा ६० सेंटीमीटरवर. ४५ भागिले ६०, म्हणजे साधारण ३७ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत गाडी उभी राहते. मागे अजून कुणी बसलं की तो मध्य वर सरकतो. ७५ धरला तर मर्यादा येते ३१ अंशांवर. आता आमचा उतार होता वीसेक अंशांचा, डोळ्यांना काहीच वाटत नाही. पण १५ सेंटीमीटरचा दगड एका बाजूच्या चाकाखाली आला की जवळजवळ १० अंश वाढतात. झाले ३०! वर भाचा खालच्या बाजूला वाकलेला. एकटे बाबा असते तर सात अंश हातात होते.

ती लांब सीट दोघांसाठी नसते, हे मला तेव्हाच वाचायला मिळालं. ती चालवणाऱ्याला अंग सरकवता यावं म्हणून लांब असते: चढावर पुढे, उतारावर मागे, आडव्या वाटेवर डोंगराच्या बाजूला. दोघांसाठी बनवलेली मॉडेल असतात, ती मुळातच जास्त लांब असतात.

आणि अंगठा? मोटरसायकलचा ॲक्सिलरेटर मनगटाने पिळायचा, क्वाडचा अंगठ्याने दाबायचा. बाबांनी चाळीस वर्षं स्कूटर चालवली. घाबरला की माणूस हँडल घट्ट धरतो, आणि अंगठा आपोआप दाबला जातो. म्हणजे थांबायच्या क्षणी गाडी पळते.

अजून एक. बऱ्याच क्वाडना मागची दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्यावर असतात, डिफरन्शियल नसतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण दोन्ही सारखीच फिरतात. मुरमावर एक चाक घसरतं, निभावतं. डांबरावर घसरत नाही, गाडी सरळच जायला बघते. म्हणून "रस्त्यावरून एक चक्कर" हा प्रकार नको.

हा धोका नवा नाही. होंडाने १९७० मध्ये तीनचाकी आणली. अमेरिकेत इतक्या उलटल्या की १९८८ मध्ये सरकार आणि कंपन्यांमध्ये करार होऊन तिथली तीनचाकींची नवी विक्री थांबली. तिथे आजही सोळा वर्षांखालच्यांनी मोठी क्वाड चालवू नये असंच सांगतात. चौथ्या चाकाने बराच फरक पडला, गणित मात्र तेच राहिलं.

त्या दिवशी बाबांनी दुसरी फेरी एकट्यानेच मारली, सपाट माळावर, अंगठा हलका ठेवून. भाचा फुगून आईच्या शेजारी बसला होता. आईला आम्ही काही सांगितलं नव्हतं. परतीच्या वाटेवर चेलाडी फाट्याला चहा घेताना तोच बोलून गेला, "आजी, आजोबांची गाडी वाकडी झाली होती." आई काही बोलली नाही. फक्त त्याचा हात हातात घेतला, तो घरापर्यंत सोडला नाही.