पहिली गाडी पिकअप घेताय? आधी नंबर प्लेटचा रंग ठरवा

आठवडाभर तारापूर एमआयडीसीत माल पोहोचवायचा आणि रविवारी घरच्यांना केळव्याला न्यायचं, तेही एकाच पिकअपमधून? बोईसर-पालघरमध्ये असा विचार करत असाल तर हे वाचा.

पिवळी प्लेट: छोटा हत्ती किंवा बोलेरो पिकअपसारखी मालवाहू गाडी. भाड्याने माल नेता येतो. पण फिटनेस तपासणी पहिली 8 वर्षं दर 2 वर्षांनी, नंतर दरवर्षी. गाडी आणि माल मिळून वजनाची मर्यादा 3,000 किलोच्या वर असेल तर परमिटही लागतं. मागच्या हौद्यात माणसं बसवता येत नाहीत. अपघात झाला तर विम्याचे पैसेही अडकू शकतात.

पांढरी प्लेट: हायलक्स, व्ही-क्रॉससारखी खासगी पिकअप. पाच जण बसतात, पण किंमत बरीच जास्त आणि भाडं मारता येत नाही.

लायसन्स: कारचं एलएमव्ही लायसन्स 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला चालतं, असा निकाल सुप्रीम कोर्टाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी दिला.

ओव्हरलोड: दंड 20,000 रुपये, शिवाय जादा प्रत्येक टनाला 2,000.

थोडक्यात, हप्ता भाड्यातून फेडायचा असेल तर पिवळी प्लेट घ्या. मात्र रोजचं काम आधी पक्कं करा. फक्त घरच्यांना फिरवायचं असेल तर साधी कारच बरी.