घरच्या घरी पावडर कोटिंग: गन ऑनलाइन मिळते, पण भट्टी आणि अर्थिंगचे काय?

गाडीचा गंजलेला फूटरेस्ट, लेगगार्ड किंवा बॅटरीचा ब्रॅकेट स्प्रेच्या डब्याने काळा केला तर रंग एक पावसाळा टिकतो. तोच पार्ट पावडर कोटिंग करून आणला तर अनेक वर्षे तसाच राहतो. त्यामुळे जुनी बुलेट, जीप किंवा मारुती ८०० नव्याने उभी करणाऱ्यांच्या यादीत पावडर कोटिंग हमखास असते. अडचण येते ती अंतराची. लोणारहून जालन्याची एमआयडीसी शंभर किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाळूज त्याच्याही पुढे. दोन फूटरेस्टसाठी तिथवर जायचे, कारखान्याच्या मोठ्या ऑर्डरमध्ये आपले काम घुसवायचे आणि चार दिवसांनी आणायला पुन्हा जायचे, हा हिशेब जमत नाही. त्यातच काही हजार रुपयांत पावडर गन घरपोच मिळू लागली आहे. साहजिकच प्रश्न पडतो, की गन आणि केक भाजायचा ओटीजी एवढ्यावर हे काम घरी होईल का?

छोट्या पार्टचे होते. मात्र गन हा यातला सर्वात सोपा भाग आहे. काम बिघडते किंवा अंगावर येते ते धुलाई, अर्थिंग आणि भट्टी या तीन ठिकाणी.

पावडर चिकटते कशी?

साध्या रंगात थिनर असतो. तो उडून गेला की रंग वाळतो. पावडरमध्ये थिनर नसतोच. ते प्लॅस्टिकसारख्या रेझिनचे, पिठाहून बारीक दळलेले कण असतात. बहुतेक कण ३० ते ५० मायक्रॉनच्या आसपासचे. गन या कणांना हजारो व्होल्टचा विद्युतभार देते. कारखान्यातल्या गन ६० ते १०० किलोव्होल्टवर चालतात, हौशी गन त्याहून बऱ्याच कमी. पार्ट अर्थ केलेला असतो, म्हणून भारित कण त्याच्याकडे ओढले जातात आणि मागच्या बाजूलाही वळून बसतात. मग पार्ट भट्टीत जातो. पावडर आधी वितळते, पसरते आणि नंतर तिच्या रेणूंची एकमेकांत जाळी विणली जाते. ही जाळी एकदा तयार झाली की पुन्हा गरम केल्यावरही कोटिंग वितळत नाही.

१९५० च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांनी हे तंत्र पुढे आणले तेव्हा गन नव्हती. हवेने उकळल्यासारख्या हलत्या पावडरच्या टाकीत तापलेला पार्ट बुडवला जाई. विद्युतभाराची गन १९६० च्या दशकात आली आणि थर पातळ झाला. आज ६० ते ८० मायक्रॉनचा थर सर्वसाधारण मानला जातो.

खरे काम पावडर मारण्याआधीचे

कोटिंगच्या कारखान्यांत ‘सेव्हन टँक प्रोसेस’ हा शब्द सतत कानावर पडतो. तेल-ग्रीस काढणे, धुणे, गंज काढणे, पुन्हा धुणे, फॉस्फेटचा थर देणे, अशा एकामागून एक सात टाक्या. घरी सात टाक्या मांडायची गरज नाही, पण ही पायरी गाळता येत नाही. ग्रीसचा पातळसा थर राहिला तरी तिथे कोटिंगला फोड येतात आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात.

ग्रीस काढायला पहिल्या टाकीत अल्कली, म्हणजे क्षार वापरतात. लोणारकरांना क्षार नवे नाहीत. सरोवराचे पाणी इतके अल्कधर्मी आहे की त्याचा पीएच दहाच्या आसपास भरतो. मेहकरच्या डोंगरात साबण आणि काच करायचे साहित्य मिळते, अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे आणि ती लोणारच्या क्षारांचीच असल्याचे मानले जाते. साबण होतो तो क्षाराची तेला-चरबीशी गाठ पडल्यावर. मग धुण्याच्या सोड्याने इंजिनचे ग्रीसही निघायला हवे, असे वाटेल. तसे होत नाही. इंजिन ऑइल आणि ग्रीस खनिज तेलापासून बनते, त्याचा साबण होत नाही. म्हणून बाजारातल्या डीग्रीझरमध्ये क्षाराबरोबर तेल सोडवणारी डिटर्जंटसारखी द्रव्येही असतात. लोखंडाला ते चालते. ॲल्युमिनियमवर मात्र जोरकस क्षार टाकू नये. तो धातूच खातो आणि पार्ट काळवंडतो. ॲल्युमिनियमसाठी चालेल, असे डब्यावर लिहिलेलेच डीग्रीझर घ्यावे. (सरोवराचे पाणी आणून पाहू, असा विचार कुणी करत असेल तर तो इथेच सोडावा. लोणार हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतही आहे.)

गॅरेजची जुनी सवय पेट्रोलने धुण्याची. पावडर कोटिंगच्या खोलीत ती जिवावर बेतू शकते. खाचेत राहिलेले पेट्रोल भट्टीत वाफ होऊन पेटते. रॉकेलने धुतले तर तेलकट थर मागे राहतो, म्हणजे धुतले काय नि न धुतले काय, सारखेच.

गंज आणि जुना रंग काढायला सँड ब्लास्टिंग उत्तम. पण नावात सँड असले तरी नदीची वाळू वापरू नये. तिच्या धुळीतल्या सिलिकाने सिलिकोसिस होतो आणि फुप्फुसाचा हा आजार बरा होत नाही. गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची ग्रिट मिळते. लहान पार्टला पॉलिश पेपर आणि वायर ब्रश पुरतो. क्रोम केलेल्या पार्टवर पावडर नीट धरत नाही, त्याचा क्रोम आधी काढून आणावा लागतो. ओतीव पार्टच्या सूक्ष्म छिद्रांत तेल आणि हवा अडकलेली असते. असा पार्ट पावडर मारण्याआधी एकदा रिकामाच भाजून घ्यावा, नाहीतर कोटिंगवर टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात.

अर्थिंग: लोणारमध्ये जरा जास्तच लक्ष हवे

पार्ट अर्थ नसेल तर पावडर बसत नाही, निम्मी जमिनीवर पडते. शिवाय पार्टवर भार साठून ठिणगी उडू शकते. हवेत पावडरचा दाट ढग असताना ठिणगी उडणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण. पिठाच्या गिरणीत धुळीचा भडका उडतो, त्यातलाच हा प्रकार.

लोणारचे विवर बेसॉल्टच्या कातळात पडले आहे. या पट्ट्यात वर माती असली तरी खाली खडक लवकर लागतो आणि कोरडा खडक विजेचा चांगला वाहक नाही. उन्हाळ्यात जमीन सुकली की घराचे अर्थिंगही कमजोर होते. गनच्या कामासाठी वेगळा रॉड किंवा मीठ-कोळशाचा खड्डा वायरमनकडून करून घ्यावा आणि त्यात पाणी घालत राहावे. पार्ट टांगायचा हुक दर वेळी घासून स्वच्छ करावा. हुकावर जुने कोटिंग चढले की तोच अडसर होतो, आणि नवशिक्यांच्या हे लक्षात येत नाही. गन धरणारा माणूसही अर्थ असावा लागतो. रबरी हातमोजे आणि रबरी चप्पल घातली की तो जमिनीपासून तुटतो आणि त्याच्या अंगावर भार साठतो.

ओटीजी चालतो का?

चालतो, पण एकदा त्यात पावडर भाजली की तो स्वयंपाकघरात परत न्यायचा नाही. धुऊन, पुसूनही नाही. मापाचा प्रश्न तर आहेच. १४ इंची चाकाची रिम साडेपस्तीस सेंटिमीटरची असते, घरगुती ओटीजीच्या तोंडातून ती आत जात नाही. ब्रॅकेट, फूटरेस्ट, आरशाची दांडी एवढेच त्याचे काम.

मोठ्या मापासाठी जुन्या लोखंडी कपाटात हीटर बसवून भट्टी करण्याचा जुगाड चालतो. रॉकवूल भरून, जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग करून घेतले तर कपाट ठीक. जुना फ्रिज मात्र अजिबात नको, त्याच्या भिंतीतला फोम पेट घेतो. गॅसचा बर्नर पावडर मारायच्या खोलीत नकोच.

साधारण पावडरला १८० ते २०० अंश सेल्सिअसवर १० ते २० मिनिटे लागतात. नेमका आकडा पावडरच्या पाकिटावर असतो. हे तापमान धातूचे आहे, ओटीजीच्या बटणावरचे नव्हे. जाड पार्ट तापायलाच अर्धा तास घेऊ शकतो आणि घड्याळ त्यानंतर लावायचे. इन्फ्रारेड थर्मामीटर घेतल्याशिवाय हे काम सुरू करण्यात अर्थ नाही.

विजेचा दाबही पाहावा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानुसार घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर हीटर जेमतेम ६१ टक्के ताकदीने चालतो. मध्येच वीज गेली तर दार उघडू नये. वीज आली की पार्ट पुन्हा पूर्ण तापू द्यावा आणि मिनिटे नव्याने मोजावीत. पार्ट गार झाल्यावर थिनरमध्ये भिजवलेला बोळा २०-२५ वेळा घासून पाहावा. रंग भरपूर उतरला किंवा थर मऊ पडला तर भाजणी कच्ची राहिली आहे. दिसायला कच्चे आणि पक्के कोटिंग सारखेच असते, त्यामुळे ही चाचणी टाळू नये.

खाली सांडलेली पावडर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये, त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात. मास्क किमान एन-९५ असावा. काही पॉलिस्टर पावडरींत टीजीआयसी नावाचे रसायन असते. युरोपात ते जनुकांना घातक म्हणून नोंदले आहे. टीजीआयसी नसलेली पावडर मिळते, तीच घ्यावी. लहान मुलांच्या वावरात हे काम नकोच.

कोणत्या पार्टला हात लावू नये?

शॉक ॲब्सॉर्बरला. त्यात तेल आणि दाबाखालचा वायू असतो, भट्टीत तो फुटू शकतो. बेअरिंग, रबरी बुश किंवा ऑइल सील बसलेला कुठलाही पार्ट तसाच भट्टीत घालू नये. ब्रेक कॅलिपर पूर्ण खोलून, सील काढून करतात, पण पिस्टनच्या जागेत पावडर गेली तर ब्रेक अडकतो. हौस म्हणून पहिल्यांदा करायचे हे काम नव्हे.

अलॉय चाकांचा मोह सर्वांनाच होतो. या चाकांच्या धातूला कारखान्यात साधारण १५० ते १८० अंशांवर काही तास ठेवून बळकटी आणलेली असते. कारखान्यात नियंत्रित तापमानावर त्याला कोटिंग करता येते. घरच्या भट्टीत पारा २३०-२४० वर गेला किंवा तेच चाक तीनदा भाजले, तर बळकटी घटते आणि बाहेरून काहीही दिसत नाही. दुसरी गोष्ट नट बसतात त्या जागेची. तिथे कोटिंग राहिले तर ते दबून झिजते आणि घट्ट केलेले नट सैल होतात. हबची बाजू आणि नटाच्या खाचा टेप लावून कोऱ्याच ठेवाव्या लागतात. लोणार-मेहकर रस्त्यावर एकही चाक सैल झालेले परवडणारे नाही. त्यामुळे चाके घेऊन जालना किंवा वाळूजला जावे, घरी करू नयेत.

गिऱ्हाईक घ्यायचे ठरवले तर

मित्राचे दोन पार्ट करून दिले, मग त्याच्या मित्राचे चार आले, असेच बहुतेक धंदे सुरू होतात. पैसे घेऊन काम सुरू करण्याआधी घरगुती मीटरवर ते चालेल की वेगळे कनेक्शन लागेल, हे महावितरणकडे विचारून घ्यावे. आणि बुलेटची फ्रेम आली तर ब्लास्टिंगच्या आधी चेसिस नंबरवर जाड टेप लावावी आणि नंबराचा फोटो काढून ठेवावा. ब्लास्टिंगने नंबर पुसट झाला किंवा कोटिंगखाली बुजला तर आरटीओत गाडी उभी करून उत्तरे मालकाला द्यावी लागतात. पार्ट ताब्यात घेतानाच हे त्याला सांगितलेले बरे.