'आई' धोरण: व्याज सरकारचं, मुद्दल आपलं



मे महिना सरत आला की अकोले तालुक्यात भंडारदऱ्याकडे काजवे बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. शिर्डीला आणि शनिशिंगणापूरला तर बारा महिने माणूस येतो. आलेल्या पाहुण्याला गरम पिठलं-भाकरी हवी असते, पाठ टेकायला स्वच्छ खोली हवी असते. हे काम आपल्या हातचं आहे. त्यासाठी राज्य सरकारचं 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण २०२३ सालापासून आहे. आज ते नीट समजून घेऊ.

बचत गटाच्या बैठकीत कुणीतरी सांगतं, "बायकांना पंधरा लाख मिळतात." ऐकायला गोड आहे, पण पंधरा लाख ही कर्जाची मर्यादा आहे. कर्ज बँक देते आणि मुद्दल आपल्यालाच फेडायचं असतं. सरकार परत देतं ते व्याज, तेही १२ टक्क्यांच्या मर्यादेत. कर्ज फिटेपर्यंत, सात वर्षं होईपर्यंत, किंवा व्याजाची रक्कम साडेचार लाख होईपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवर. हे पैसे आधारशी जोडलेल्या आपल्या खात्यात येतात. पण हप्ता आधी आपण भरायचा आणि वेळेवर भरायचा. हप्ता थकला तर सवलतीवरचा हक्क गेला.

आता हिशोब मांडू. पाच लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, सात वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण साडेआठ हजार. सात वर्षांचं व्याज दोन लाख एकोणीस हजारांच्या आसपास, म्हणजे ते सगळं मर्यादेत बसतं. हेच कर्ज पंधरा लाखांचं असेल तर व्याज साडेसहा लाखांवर जातं. साडेचार लाख परत मिळाले, तरी वरचे दोन लाख आपल्याच पदरचे. मोठं कर्ज मिळतंय म्हणून मोठं घेऊ नका.

खोलीचं भाडं रात्रीचं हजार रुपये धरा, खर्च जाऊन सहाशे उरले असं समजा. साडेआठ हजारांचा हप्ता भरायला महिन्यात पंधरा रात्री भराव्या लागतील. काजवे तर काही आठवडेच असतात. पावसाळ्यात धबधबे आणि थंडीत कळसूबाई, हरिश्चंद्रगडाचे ट्रेकर येतील. पण मार्च-एप्रिलमध्ये कोण येणार, हे कर्जाआधी ठरवा.

या धोरणात ४१ प्रकारचे व्यवसाय बसतात. घरगुती निवास, न्याहारी-निवास, उपाहारगृह, कृषी पर्यटन, प्रवासी वाहतूक, हस्तकलेचं दुकान असं बरंच काही. अटी मोजक्या आहेत. व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा आणि तिनेच चालवलेला हवा. हॉटेल किंवा उपाहारगृह असेल तर निम्मे कर्मचारी महिला हव्यात. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी हवी, लागतील ते परवाने हवेत. जेवण देणार असाल तर अन्न परवाना आलाच.

मालकीच्या अटीकडे नीट बघा. आपल्याकडे घर सासऱ्यांच्या नावावर, सातबारा नवऱ्याच्या नावावर, आणि सही मात्र बाईची. कर्ज तिच्या नावावर आणि गल्ला दुसऱ्याच्या हातात, असं झालं तर हप्त्याची नोटीस तिलाच येईल. म्हणून जागेचा भाडेकरार किंवा संमतीपत्र लेखी करा आणि रोजचा जमाखर्च स्वतः लिहा. गटाची वही लिहिणाऱ्या बाईला हे अवघड नाही.

क्रमही लक्षात ठेवा. आधी पर्यटन संचालनालयाच्या नाशिक विभागीय कार्यालयात अर्ज करायचा. आपला जिल्हा त्यांच्याकडे येतो. तिथून पात्रतेचं पत्र घ्यायचं आणि मग बँकेत जायचं. "काम करून देतो" म्हणत हजारो रुपये मागणारा कुणी भेटला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

ज्यांना लहान सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी मुद्रा कर्ज आहे. पन्नास हजारांपर्यंत 'शिशु', त्यापुढे पाच लाखांपर्यंत 'किशोर', आणि तारण लागत नाही. घरगुती निवासासाठीही मुद्रा कर्ज देण्याची घोषणा २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आहे.

येत्या मासिक बैठकीत पाटी घ्या आणि एकाच खोलीचा हिशोब सगळ्यांनी मिळून मांडा. आकडा जुळला तर पुढचं पाऊल टाका. नाही जुळला, तर जेवणाची ऑर्डर घेऊन सुरुवात करा. चूल आपलीच आहे.